चाल कुणाची?



या पानावर आपण एरवी बियाणे, खते, फवारणी अशाच गोष्टी बोलतो. आज मात्र गाण्याविषयी लिहितो आहे, आणि तेही रॉक नावाच्या विलायती गाण्याविषयी. वाचून कुणी म्हणेल, साहेबांना निवृत्तीचे वेध लागले, आता काहीही लिहितात. तसे नाही. गोष्ट शेवटी बियाण्यापाशीच येणार आहे. तेवढा धीर धरा.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत अंबड तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. मोसंबीला फळगळ लागली होती आणि बागायतदारांनी बोलावले होते. ज्यांच्याकडे उतरलो ते माझे पंचवीस वर्षांचे स्नेही. बाग पाहून झाली, ओट्यावर चहा आला, तेवढ्यात वरच्या गच्चीवरून तारांचा झणझणाट सुरू झाला. स्नेह्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "साहेब, फळगळीवरचं औषध सांगितलंत, आता या गिटारीवरचंही सांगून जा. धाकट्याला जालन्याला शिकायला ठेवलं, तर तो हे घेऊन आला. फवारा मारायचा असला की हा गच्चीवर. गाणंही आपलं नाही, भाषाही आपली नाही. नुसतं वरडणं!"

मी म्हणालो, "दादा, औषध द्यायच्या आधी रोग पाहावा लागतो. मला वर जाऊन पाहू द्या."

वर गेलो. पोरगा उठून उभा राहिला, पाया पडला, गिटार भिंतीला टेकवून ठेवली. मी म्हटले, "थांबू नकोस, मी ऐकायला आलो आहे." मग त्याने तासभर मला ऐकवले. थोडे स्वतः वाजवून, थोडे मोबाईलवर. मी मधून मधून विचारत होतो आणि तो समजावून सांगत होता. पंचावन्नाव्या वर्षी मी विद्यार्थी झालो आणि एकोणीस वर्षांचे पोर माझे मास्तर. त्या तासाभरात कळले आणि पुढे घरी येऊन वाचले, ते आधी तुमच्यापुढे ठेवतो.

रॉक म्हणजे काय? विजेवर चालणारी गिटार, खर्जातली दुसरी एक जाड तारांची गिटार, पायाने आणि काठ्यांनी वाजवायचे ढोल, आणि मोकळ्या गळ्याने म्हटलेले गाणे. ठेका बहुधा चार मात्रांचा, त्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोराचा ठोका. एवढ्याने काही कळत नाही, पण हे गाणे आले कुठून हे कळले की पुष्कळ कळते.

ते आले कापसाच्या शेतातून. होय, कापसाच्याच. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाचे राज्य आहे. तिथल्या काळ्या नदीकाठच्या जमिनीत कापूस पिकतो. तो वेचायला आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांना जुंपले होते. गुलामी १८६५ साली कायद्याने संपली, पण त्यांची मुले-नातवंडे त्याच मळ्यांत बटाईने, कर्जाने बांधलेली राबत राहिली. दिवसभर कापूस वेचायचा आणि रात्री दुःख गाण्यातून सांगायचे. त्या गाण्यांना ब्लूज म्हणतात. मडी वॉटर्स नावाचा असाच एक मळ्यातला गडी होता. १९४१ साली सरकारी ग्रंथालयाचे लोक यंत्र घेऊन त्याच्या मळ्यावर गेले आणि त्यांनी त्याचे गाणे उतरवून घेतले. पुढे तो शिकागो शहरात गेला, विजेची गिटार वाजवू लागला. त्याच्या तबकड्या समुद्रापार इंग्लंडला पोचल्या आणि तिथल्या पोरांना त्यांनी वेड लावले. रोलिंग स्टोन्स हे नाव साऱ्या जगाने ऐकलेले आहे. ते नावही मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या एका गाण्यावरून घेतलेले.

हे मी खाली येऊन स्नेह्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "कापूस वेचणाऱ्यांचं गाणं? मग एवढं वरडतात कामून?" मी म्हणालो, "दादा, मोठ्या शेतात या टोकाच्या बाईला त्या टोकाच्या बाईशी बोलायचं तर काय करते?" ते हसले. म्हणाले, "वरडते."

आणि वाद्य परके म्हणाल, तर आपल्या भजनाची पेटी तरी कुठली? ती एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये तयार झाली. आकाशवाणीने १९४० साली पेटीला परके वाद्य म्हणून बंदी घातली होती, ती १९७१ साली उठली. आज पेटीशिवाय भजनाला बसा म्हटले तर बुवा उठून जातील.

आता मुद्द्यावर येतो. पोराने मला एक शब्द शिकवला, कव्हर. दुसऱ्याने आधी गायलेले गाणे आपण आपल्या ढंगाने गायचे, त्याला कव्हर म्हणतात. इंग्लंडच्या त्या पोरांनी सुरुवातीला हेच केले. पण त्यांत दोन प्रकार होते, आणि माझा आजचा विषय तो आहे.

पहिला प्रकार असा. रॉबर्ट जॉन्सन नावाचा मिसिसिपीचा एक गवई १९३८ साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी वारला. १९३६ आणि १९३७ साली त्याने एकोणतीस गाणी ध्वनिमुद्रित केली होती, एवढीच त्याची इस्टेट. फार थोड्यांना त्याचे नाव ठाऊक होते. १९६१ साली त्याच्या गाण्यांची मोठी तबकडी निघाली, ती इंग्लंडच्या पोरांच्या हाती पडली. १९६८ साली क्रीम नावाच्या बँडने त्याचे एक गाणे आपल्या पद्धतीने जोरकस करून गायले आणि तबकडीवर रचनाकार म्हणून रॉबर्ट जॉन्सन असे नाव छापले. ज्यांनी ज्यांनी ते ऐकले त्यांनी विचारले, हा जॉन्सन कोण? आणि ते मागे मागे जात त्या मूळ गवयापाशी पोचले. मेलेल्या माणसाचे गाणे तीस वर्षांनी पुन्हा जिवंत झाले.

दुसरा प्रकार असा. विली डिक्सन हाही मिसिसिपीचाच, मोठा गीतकार. त्याने लिहिलेले एक गाणे मडी वॉटर्सने १९६२ साली गायले होते. लेड झेपेलिन या बँडने १९६९ साली एक गाणे काढले, ते जगभर गाजले. त्यात डिक्सनच्या गाण्यातले शब्द होते, पण तबकडीवर त्याचे नाव नव्हते. डिक्सनने १९८५ साली कोर्टात दावा लावला, १९८७ साली तडजोड झाली. त्याचे नाव त्या गाण्यावर पुढे छापू लागले. पण मधली सतरा-अठरा वर्षे ज्यांनी ते गाणे ऐकले, त्यांच्यापैकी किती जण डिक्सनपर्यंत पोचले असतील?

नाव सांगितले तर नवे गाणे ऐकणाऱ्याला जुन्या गाण्यापर्यंत नेते. नाव गाळले तर नवे गाणे जुन्यावर माती टाकते. गाणे तेच, गळा तसाच चांगला, पण फरक एवढा मोठा.

यात आपण कुणी वेगळे आहोत असे समजू नका. आपल्याकडे याला चाल म्हणतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले. जुन्या संगीत नाटकांची पुस्तके उघडून पाहा, पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून छापलेले असते, म्हणजे हे पद अमुक गाण्याच्या चालीवर म्हणावे. चाल घेतली यात कमीपणा मानला नाही, आणि कोणती घेतली ते लपवलेही नाही. आपल्या सप्ताहातही सिनेमाच्या चालीवर गौळणी होतातच.

रॉकसुद्धा मराठी घरात फार पूर्वी येऊन गेले आहे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे हे नाटकातले नामांकित जोडपे, जुन्या वाचकांना आठवत असेल. त्यांचा मुलगा नंदू भेंडे हा रॉक गायक. व्हेल्वेट फॉग नावाच्या बँडमध्ये तो गात असे. १९७४ साली मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे इंग्रजी संगीतनाट्य झाले, त्यात त्याने ज्युडासची भूमिका गाजवली. त्या काळात मुंबई, बंगळूर, कलकत्ता या शहरांत असे बरेच बँड होते. बहुतेक जण विलायती गाण्यांचे कव्हर वाजवत, मधूनच एखादे स्वतःचे. एका सिगारेट कंपनीने त्यांच्या स्पर्धा भरवल्या, त्यांतल्या गाण्यांच्या 'सिमला बीट' नावाच्या तबकड्या १९७० आणि १९७१ साली निघाल्या. मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्ट या बँडची एकच तबकडी आपल्याकडे विस्मरणात गेली होती. ती २०११ साली एका अमेरिकन कंपनीने शोधून पुन्हा काढली. आपल्या गावच्या ज्वारीचा जुना वाण परदेशातल्या बियाणे-बँकेत सापडावा, तसाच हा प्रकार.

नंदू भेंडे यांचे काम मला जास्त महत्त्वाचे वाटते ते पुढचे. १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकादमीने 'तीन पैशाचा तमाशा' हे नाटक केले. लेखन पु. ल. देशपांडे यांचे, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. त्यात एकाच रंगमंचावर नाट्यसंगीत होते, लावणी होती आणि नंदू भेंडे यांचे रॉकही होते. मराठी शब्दांत रॉक, आणि प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. नंदू भेंडे २०१४ साली वारले. आजच्या किती पोरांना त्यांचे नाव ठाऊक आहे, विचारून पाहा.

आता या नाटकाची वंशावळ ऐका. पु. लं. नी ते जर्मन नाटककार ब्रेख्त याच्या १९२८ सालच्या नाटकावरून घेतले. ब्रेख्तने ते जॉन गे याच्या १७२८ सालच्या लंडनच्या नाटकावरून घेतले होते. आणि त्या जॉन गेने काय केले होते? रस्त्यावर लोक गुणगुणत त्या ओळखीच्या चाली उचलून त्यांवर नवे शब्द बसवले होते! म्हणजे सुमारे तीनशे वर्षांपूर्वीही तेच, चाल जुनी आणि शब्द नवे.

यातही नाव गाळण्याचा प्रसंग आहेच. ब्रेख्तने काही गाण्यांसाठी एका जुन्या फ्रेंच कवीच्या कवितांचे जर्मन भाषांतर वापरले होते. भाषांतर कार्ल क्लामर नावाच्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याचे होते. त्याचे नाव छापले नव्हते. १९२९ साली एका टीकाकाराने ते उघडकीला आणले. ब्रेख्तने चूक कबूल केली आणि क्लामरला उत्पन्नातला वाटा मिळू लागला. त्या पैशातून क्लामरने द्राक्षाचा मळा घेतला आणि तिथल्या दारूला नाटकाचेच नाव दिले, असे सांगतात. गाण्याचा मोबदला शेतीत गेला, हे वाचून मला बरे वाटले.

इथपर्यंत सगळे दूरदेशीचे झाले. आता आमच्या गावचे सांगतो. ते सांगायला मला सोपे नाही.

त्या रात्री गणपतीच्या मांडवात पोरांचा कार्यक्रम होता. माझ्या स्नेह्यांचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र. एक गिटार, एक ढोलकी, एक डबा उलटा घालून केलेला ढोल. इंग्रजी गाण्याने सुरुवात करतील म्हणून मंडळी तोंड वाकडे करून बसली होती. पण पोरांनी धरले मोटेवरचे गाणे. विहिरीवर मोट चालायची तेव्हा बैलांना उद्देशून म्हणायचे जुने गाणे. बैल धावेवरून खाली जाताना नाड्यावर ताण येतो तशी लांबवलेली ओळ, थारोळ्यात पाणी पडले की मोकळा आलाप, आणि बैल मागे सरताना झपझप उतरणारी ओळ. त्याला गिटारीचा ठेका असा बसला की म्हातारी माणसे मान हलवू लागली. माझे स्नेही माझ्या शेजारीच होते. त्यांचा हात मांडीवर ताल धरत होता, मी पाहिले. टाळ्या झाल्या. मोबाईल वर झाले. पोराने माईकवरून सांगितले, "हे आपल्या गावचं जुनं लोकगीत होतं, आम्ही त्याचं कव्हर केलं."

तेव्हा बायकांच्या बाजूने एक साठीची बाई उठली. कापूस वेचायला, खुरपायला रोजाने जाणारी. ती पुढे आली आणि पोराशी नाही, माझ्याशी बोलली.

"साहेब, हे लोकगीत न्हाई. माझ्या बापाचं गाणं हाय. तुमच्या या दादांच्या वडलांच्या मोटेवर माझा बाप सालगडी व्हता, तिथं त्यानं बांधलं. पोरानं लय झ्याक म्हनलं, माझी ना न्हाई. तुमीबी म्हनलं व्हतं मागं, बियाच्या औषधाचं. पन बापाचं नाव कुनीच घेतलं न्हाई."

मांडव गप्प झाला. माझ्या तोंडून शब्द फुटेना, कारण बाई म्हणत होती ते अक्षरशः खरे होते.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तो म्हातारा तेव्हा हयात होता. लिंबाखाली बसून त्याने मला ते गाणे दोन-तीनदा म्हणून दाखवले. चाल मनात बसली. त्या खरिपात बीजप्रक्रियेची मोहीम होती. पेरणीआधी किलोला तीन ग्रॅम थायरम चोळा, मग सोयाबीन-तुरीच्या दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम लावा, सावलीत वाळवा आणि लगेच पेरा, हे लोकांच्या ध्यानात राहीना. मी त्या चालीवर तेवढे शब्द बसवले आणि गावोगावच्या सभांत म्हणू लागलो. लोकांना ते पाठ झाले. तालुक्याच्या मेळाव्यात मला शाल-श्रीफळ मिळाले. व्यासपीठावरून सांगितले गेले की साहेबांनी स्वतः गाणे रचले. मी हात जोडले आणि खाली बसलो. शब्द माझे होते, हे खरे. पण लोक डोलत होते ते माझ्या थायरमवर नव्हे, त्याच्या चालीवर. म्हातारा त्या मेळाव्याला आला होता. मागे उभा होता. तो काही बोलला नाही आणि मीही काही बोललो नाही. त्यानंतर काही वर्षांनी तो वारला.

पोराचा दोष माझ्यापेक्षा कमी. त्याने ते आजीकडून ऐकले होते. आजीने मोटेवर ऐकले होते. रचणारा कोण हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. लोकगीत हा शब्द मोठा सोयीचा आहे. लोकांचे म्हटले की एकट्याचे उरत नाही. 'बॉबी' सिनेमात १९७३ साली मन्ना डे आणि शैलेंद्र सिंग यांनी म्हटलेले गोव्याच्या धाटणीचे गाणे तुम्ही लग्नाच्या बँडवर शंभरदा ऐकले असेल. ते ज्या कोंकणी गाण्यावरून घेतले, तेही लोक जुने लोकगीतच समजतात. पण ते कार्लोस एउजेनियो फेरेरा नावाच्या गोमंतकीयाने रचलेले आहे आणि १८९५ साली पॅरिसला छापलेले आहे. छापलेल्या गाण्याची ही गत, मग मोटेवरच्या गाण्याचे काय सांगावे?

आता बियाण्याकडे येतो. आपला जालना म्हणजे बियाण्यांची पेठ. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली, तेव्हापासून बियाण्याच्या पिशवीवर काय छापलेले असावे हे इथल्या पोरासोरालाही कळते. २००१ साली देशाने पिकांच्या वाणांचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, नोंदलेल्या वाणाचेही बी शेतकऱ्याने घरी राखावे, पेरावे, शेजाऱ्याला द्यावे, अदलाबदल करावी, विकावेही. त्याला मुभा आहे. फक्त दुसऱ्याच्या नावाचा छाप मारून विकता येत नाही. दुसरी, नवा वाण नोंदवणाऱ्याला त्याचे आईबाप कोण, मूळ बी कुठल्या भागातून घेतले, आणि त्यात कुणा शेतकऱ्याचा किंवा गावाचा वाटा आहे काय, हे अर्जात लिहावे लागते.

म्हणजे बी पसरू द्या, पण वंश सांगा. गाण्याला याहून चांगला नियम मला सुचत नाही.

गाण्याचा कायदाही साधारण याच वाटेने जातो. रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे गाण्यावरचा हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. हौशी मंडळाने बिनतिकिटाच्या श्रोत्यांपुढे गाणे म्हटले तर कायदा आड येत नाही. मात्र ध्वनिमुद्रण करून विकायचे असेल तर १९५७ च्या कायद्यात २०१२ साली झालेली दुरुस्ती पाहावी लागते. मूळ ध्वनिमुद्रण होऊन पाच वर्षे झाल्याशिवाय कव्हर काढता येत नाही, मालकाला आधी कळवून मोबदला भरावा लागतो, शब्द-चालीत मनमानी फेरफार चालत नाहीत, आणि हे कव्हर आहे असे वेष्टनावर स्पष्ट छापावे लागते. १९८० नंतर जुन्या सिनेमाची गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतलेल्या स्वस्त कॅसेटी आपण बाजारातून आणत होतो. घरी येऊन लावल्यावर कळायचे की आवाज रफींचा नाही. वेष्टनाचा नियम त्यासाठीच.

गणपती उठल्यावर आम्ही तिघे, म्हणजे मी, माझे स्नेही आणि त्यांचा मुलगा, त्या आक्कांच्या घरी गेलो. मी माझी चूक सांगितली, मेळाव्याचीही. त्या म्हणाल्या, "साहेब, बापाला त्याचं कायी वाटलं नसंल. मला वाटलं." पोराने वही काढली आणि विचारले, "आत्या, सगळं गाणं सांगता का?" त्याला सात कडवी ठाऊक होती. आक्कांना तेरा येत होती. उरलेल्या सहांत दोन कडवी सालाच्या करारावर होती. वर्षाचे धान्य, कपड्याचा जोड आणि चपला कबूल करून त्यांतले काय मिळाले, काय राहिले, याचा हिशेब बैलांना सांगितलेला. ती कडवी मळ्यावर मालक नसताना म्हणायची असत. माझे स्नेही खाली बघत ऐकत होते. तो मळा त्यांच्या वडिलांचा. ऐकून झाल्यावर ते पोराला एवढेच म्हणाले, "तीबी लिही. गाळू नको."

मी आक्कांना विचारले, "वडिलांचे नाव सदरात छापू का?" त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "आधी गावात घ्या. ज्या मांडवात राहून गेलं तिथं माइकात घ्या. मंग कागदावर छापा." म्हणून आज ते नाव इथे छापलेले नाही. वाचकांनी याचा वेगळा अर्थ काढू नये.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी.

घरात मुलगा किंवा मुलगी नव्या तऱ्हेचे गाणे ऐकत असेल तर चिडण्याआधी तासभर शेजारी बसा आणि विचारा, हे कुणाचे, कुठून आले? तो शोधू लागेल. गाजलेल्या गाण्यामागे न गाजलेले गाणे असते, ते शोधण्याचा नाद वाईट नाही. रात्रीची पाळी चुकवू नये, फवारा वेळेवर मारावा, एवढी अट घालायला हरकत नाही.

मुलांनो, तुम्ही एक वही करा. गाण्याचे नाव, कुणी रचले, आधी कुणी गायले, आपण कुणाकडून ऐकले, कोणत्या साली, असे पाच रकाने आखा. रचणारा ठाऊक नसेल तर रकाना रिकामा ठेवा, पण 'लोकगीत' लिहून बुजवू नका. रिकामा रकाना कधीतरी भरता येतो.

घरातल्या आणि वाड्या-वस्तीवरच्या म्हाताऱ्यांकडून जात्यावरच्या ओव्या, मोटेची, पेरणीची, मळणीची गाणी मोबाईलवर उतरवून घ्या. सुरुवातीला त्यांचे नाव, गाव त्यांच्याच तोंडून घ्या. मिसिसिपीच्या मळ्यावर १९४१ साली यंत्र घेऊन जावे लागले. तुमच्या खिशात ते यंत्र आहे.

आणि स्वतःचेही रचा. मोठी कंपनी लागते असे समजू नका. गोव्यातल्या शिवोली गावच्या रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली आपला 'गोअन क्रेझी' हा संच घरातच चार-पट्टी कॅसेट यंत्रावर ध्वनिमुद्रित केला, वाद्ये स्वतःच वाजवली आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवल्या. भाजी विकायला आपण जातो तसेच.

आपल्याकडे पोळा जवळ आला आहे. त्या दिवशी बैलांच्या मिरवणुकीनंतर पोरांचा कार्यक्रम ठरला आहे. गिटार असेल, ढोलकी असेल, तो उलटा डबाही असेल. मोटेचे गाणे तेराही कडव्यांसह होईल. सुरू होण्याआधी पोरगा रचणाऱ्याचे नाव घेईल, आणि त्यानंतर माझे बीजप्रक्रियेचे गाणे कुणाच्या चालीवर होते ते मी माइकवर उभा राहून सांगणार आहे. आक्का पुढच्या ओळीत बसणार आहेत. त्यांनी तसे कबूल केले आहे.

त्यानंतरच्या अंकात नाव छापीन. तोवर रब्बीच्या बियाण्याची तजवीज करून ठेवा आणि पेरण्याआधी बीजप्रक्रिया विसरू नका.

कळावे, लोभ असावा.